देवाच्या डोहातली वाम

“घे गो बाये, घे,” रावजी गुरव म्हणत होते.

ते कमरेएवढ्या पाण्यात वाकले होते. तळहातावर भाताचा गोळा आणि हात पाण्याखाली. वाम आली, त्यांच्या मनगटाला अंग घासून गेली, वळून पुन्हा आली. पुरुषाच्या दंडाएवढी जाड, आणि उभी धरली असती तर माझ्या खांद्याला लागली असती. पण भाताकडे तिने तोंड वळवलं नाही. गोळा हळूहळू सुटला आणि शितं पाण्यावरून तरंगत गेली.

काठावर तात्या राऊळ छत्री टेकून उभे होते. तात्या देवस्थानाचे मानकरी. देवळातली काडी इकडची तिकडे व्हायची तर त्यांना विचारावं लागे.

“श्रावण सरत इलो,” तात्या म्हणाले. “तुझ्या हातचा ती खाणा नाय. देव रुसलो, रावजी. कोणावर रुसलो ता तूच समज.”

रावजींनी हात पाण्यातून काढला आणि धोतराला पुसला. मग माझ्याकडे बघितलं. मला बोलावणं त्यांनीच धाडलं होतं.

नेरवणच्या कोंडेश्वराच्या देवळामागे नदीचा हा डोह आहे. त्यातल्या वामी देवाच्या. दिसायला सापासारख्या लांब, पण मासाच. त्यांना कुणी गळ लावत नसे आणि सकाळचा नैवेद्य आधी त्यांना जाई. रावजींच्या आज्याच्या काळात म्हणे भाताचा हात पाण्यात घातला की बोटं दिसत नसत, एवढ्या जमत. मग खाली खाडीच्या तोंडाजवळ बंधारा झाला, खारं पाणी शेतात चढू नये म्हणून. तेव्हापासून नवी पिल्लं वर यायची थांबली. जुन्या एकेक करून मेल्या. राहिली ही एकटी. रावजी तिला थोरली म्हणत.

मी तेव्हा माशांच्या एका संशोधन केंद्रात होते, आणि माझं कामच वामींचं होतं. पण नेरवणला मी यायची ती कीर्तनासाठी. कार्तिकातल्या सप्ताहाला दरवर्षी रजा टाकून यायची. पखवाजावर थाप पडली की माझ्या जिवाला जे वाटतं ते मला कधी कुणाला सांगता आलेलं नाही. वडिलांच्या मांडीवर बसून ऐकायची तेव्हापासूनचं आहे ते. राहायची गुरवांकडे. त्यामुळे रावजींच्या दृष्टीने मी, त्यांची प्रभूबाई, आधी कीर्तनाची पाहुणी आणि मग मासेवाली.

मी साडी खोचून पाण्यात उतरले. थोरली माझ्या हाताला येईना, म्हणून रावजींनी तिला दोन्ही हातांवर तोलून वर आणलं. तिचा पिवळट रंग गेला होता. पाठ काळी पडली होती, पोटाला चांदीची झाक आली होती. आणि डोळे वाढले होते. डोक्याच्या मानाने ते आता इतके मोठे होते की ती आपल्याकडे रोखून बघतेय असं वाटे.

“काका, ही आजारी नाही,” मी म्हटलं. “वयात आलीय.”

रावजी माझ्याकडे बघतच राहिले. “माझ्या लग्नात होती ती ह्याच पाण्यात. आता म्हातारपणी वयात येतली?”

“आमच्या तात्यांसारखी,” काठावरून सगुणावहिनी पुटपुटल्या. त्या म्हणजे रावजींची बायको. तात्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि ऐकलंच नाही असं केलं.

मी त्यांना सांगितलं ते असं. वाम नदीत वर्षानुवर्षं राहते ती पोरवयातच. तिच्या डोक्यात मोहरीएवढी एक गाठ असते. वयात आणणारी संप्रेरकं सोडायचा हुकूम तीच देते, पण मेंदू तिला दाबून धरतो. मग कधीतरी आतून काहीतरी हलतं. ती खाणं सोडते, रंग बदलते आणि समुद्राची वाट धरते. त्या लांबच्या, खोल पाण्याच्या प्रवासातच गाठीवरचा दाब सुटतो आणि पोटात अंडी पिकतात. अंडी घालते आणि तिथेच संपते. डोहात ठेवली तर तो हुकूम कधीच सुटत नाही. न खाता झिजत जाते.

“म्हणजे मरतली,” रावजी म्हणाले.

“दोन्हीकडे मरणार काका. पण तिकडे पिल्लं मागे ठेवून.”

“आणि ती पिल्लां हडे येतली?”

“याच नदीत येतील असं नाही. आणि आली तरी बंधारा आहे.”

तात्यांनी विषयच मिटवला. “देवाची वाम डोहाबाहेर जायची नाय. आजपर्यंत गेली नाय.” मग माझ्याकडे वळून विचारलं, “तुमच्याकडे म्हणे सुई देऊन माशांका पिल्लां काढतात?”

काढत होतो. दुसऱ्या माशांच्या डोक्यातली तीच गाठ काढून, वाटून, गाळून त्याची सुई वामीच्या पाठीत द्यायची. आठवड्याला एक. तिच्या मेंदूने न दिलेला हुकूम आपण बाहेरून द्यायचा. नरांना वेगळी सुई. अंडी फुगत आली की शेवटची एक, वेगळ्या संप्रेरकाची. त्यानंतर दिवसाभरात अंडी सुटतात. मी हेही सांगितलं की आमच्या केंद्रात दोनदा पिल्लं निघाली होती. काचेच्या काड्यांसारखी, आरपार दिसणारी. त्यांना खायचं काय ते कळत नव्हतं आणि आम्हालाही उमगलं नव्हतं. थोड्याच दिवसांत सगळी तळाशी बसली.

“एक तरी वाचलां तर देवाचो डोह रिकामो रवायचो नाय,” रावजी म्हणाले. त्यांनी थोरलीला अजून सोडलं नव्हतं. “माझ्या हयातीत रिकामो झालो, तर मी बापसाक वर जाऊन काय सांगू?”

रावजींना मूलबाळ नव्हतं. त्यांच्यामागे देवळाची सेवा कुणाकडे जाणार हे गाव त्यांच्या पाठीमागे बोलत असे. पण डोह भरलेला असता तर ते बोलणं त्यांना टोचलं नसतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

भक्तनिवासाच्या मागच्या पडवीत, देवळाच्या आवारातच, तात्यांना विचारून आम्ही टाकी बांधून घेतली. डोहाच्या पाण्यात खाडीचं मिसळून ते हळूहळू खारं केलं. केंद्रातून मी दर आठवड्याला सुई घेऊन यायची. रावजी तिला ओल्या गोणपाटावर धरायचे, सगुणावहिनी तिच्या डोळ्यांवर फडकं टाकायच्या, मी टोचायची.

पहिल्या दिवशी वहिनींनी ती सुई निरखून बघितली. “एवढीशी,” त्या म्हणाल्या. “ह्या घराक कोणी अशी सुई दिली नाय गो प्रभूबाई. नायतर आज पोराक वामीक धरूक लावला असता, आणि हे बसले असते विडी ओढत.”

“मी विडी सोडलंय,” रावजी म्हणाले.

“कधी?”

“आत्ताच.”

भाद्रपद गेला, आश्विन गेला. थोरलीचं पोट भरू लागलं आणि बाकीचं अंग वाळू लागलं. पाठीचा कणा हाताला लागायचा. सगळं बळ ती अंड्यांत ओतत होती. रावजी रोज सकाळी नैवेद्याचं ताट टाकीशी आणत, ती खाणार नाही हे माहीत असून. गावातल्या बायका गरोदर लेकीला बघायला याव्यात तशा येऊन टाकीत डोकावून जात. एकीने हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. त्या कुठे घालायच्या यावर बराच खल झाला आणि शेवटी त्या टाकीच्या नळाला अडकवल्या.

पण एक गोष्ट मला दिसत होती आणि आवडत नव्हती. थोरली टाकीच्या एकाच भिंतीला नाक घासत होती. दक्षिणेकडच्या, नदी उतरते त्या बाजूच्या. दिवसचे दिवस. नाकाची कातडी गेली, मग मांस दिसायला लागलं. मी भिंतीला आतून रबर लावलं. तिने रबरावर नाक घासलं.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी पोट तपासलं. बारीक नळीने थोडी अंडी काढून काचेवर बघितली. पिकायला आली होती. त्या आठवड्याची सुई दिली की मग परत फिरणं नव्हतं. अंडी पाणी ओढून फुगणार, एकदोन दिवसांत शेवटची सुई, आणि मग ती संपणार. केंद्रात नर तयार होते. मी सुई भरली.

रावजी टाकीच्या कठड्याला टेकून होते. थोरली भिंतीशी होती.

“डोहाच्या उंबऱ्याक पण अशीच करी,” ते म्हणाले.

“कसला उंबरा?”

“डोह भरान व्हावता ना, त्या खडकार. भादव्याच्या पुरात वामी थयसून भायर जाऊक बघीत. मी चार दिवस थय बसान रवायचंय, खोयनीचो सापळो लावन. गावली की घागरीत घालून वाजतगाजत परत हाडूची. हळदकुंकू, ओटी, सगळा. आमच्या सगुणान किती ओट्ये भरल्यान असतीत. बापूस करी, आजो करी. पुरात वाट चुकली पोरां, घराक हाडूक नको?”

मी सुई ताटलीत ठेवली.

“त्या कशा असायच्या?” मी विचारलं. “पिवळ्या?”

“नाय. जाणाऱ्यो सगळ्यो अशोच. काळी पाठ, पोट रुप्याचा. आणि डोळे हे एवढे. माझी आवस म्हणी, देवान डोळे दिले तरी रस्तो दिसना नाय.” ते हसले, आणि हसता हसता माझ्या तोंडाकडे बघून थांबले.

मीच तर श्रावणात पाण्यात उभी राहून त्यांना सांगितलं होतं की डोळे मोठे होतात ते केव्हा आणि कशासाठी.

“त्यो चुकल्यो नव्हत्यो,” रावजी म्हणाले.

“काका, तुम्हाला माहीत नव्हतं.”

“समुद्राक चलल्यो होत्यो. अंडी घालूक.” ते टाकीकडे वळले. “आणि मी पुरात बसान रवायचंय. एक चुकवायचंय नाय. लोक म्हणत, रावजीच्या हातसून वाम सुटूची नाय.” त्यांनी आपले हात उलटे करून बघितले. “हिका पण हाडलंय. दोन वर्सां लागोपाठ. पयल्या खेपेक ती माका चावली. त्या आधी कधी चावली नव्हती.”

आत देवळात सकाळची घंटा कुणीतरी वाजवत होतं. बराच वेळ.

“पिल्लं थांबली ती बंधाऱ्यामुळे,” मी म्हणाले. ते खरं होतं. “तुमच्यामुळे नाही.”

“प्रभूबाई, एक खरा सांगा. तुमच्या काचेत आजवर एक तरी पिल्लू मोठा झाला?”

“नाही.”

“ह्या खेपेक होयत?”

“कठीण आहे.”

“आणि आता तिका सोडली तर?”

मी विचार करून सांगितलं. सुया थांबवल्या तर अंडी पुन्हा अंगात जिरतील. अंगात बळ उरलं असलं तर ती पोहेल. किती उरलंय ते मला माहीत नाही. खूप लांब जायचं असतं. वाटेत मरण्याचाच संभव जास्त.

“पण तोंड तिच्या वाटेक असात,” रावजी म्हणाले.

ते उठले आणि सरळ तात्यांकडे गेले. लपवून करायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मी मागोमाग गेले. तात्या मांडवात सतरंज्या अंथरून घेत होते.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. “आजउद्या अंडी येतली म्हणून गाव जमलो हा,” ते म्हणाले, “आणि तू देवाचो मासो गाडीत घालून खाडीर नेतंस? पाटी घी डोक्यार. बाजार थयच आसा.”

“तात्यानू, आमी तिका अडवन ठेवली.”

“देवान ठेवली. तुझ्या बापसान, आज्यान ठेवली. ते खुळे होते?”

“खुळे नव्हते. मायेन केल्यानी. मी पण.”

तात्यांचा आवाज उतरला. मला वाटतं, त्यांनाही ते सोपं नव्हतं. “रावजी, डोह रिकामो केलंस तर आरतीचो मान तुझ्याकडे रवायचो नाय. मी ठेवूचो म्हटलंय तरी गाव ठेवचो नाय. तुका मागे कोण नाय. जा काय आसा ता तुझ्याबरोबरच जातला. इचार कर.”

रावजी पडवीत परतले. दुपारभर ते टाकीशी बसून होते. मी दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी म्हणाले, “तुमी कीर्तनाक बसा. आज काल्याचा कीर्तन. चुकवू नकात.”

मी गेले. तळवणेकरबुवा उभे होते. ऐंशीच्या घरातला माणूस, पण वीणा गळ्यात आली की कंबर सरळ होई. पूर्वरंग संपत आला होता. बुवा विचारत होते, “देवाला हार घालता, साखर ठेवता. आणि देवाने तुमच्याकडे हात पुढे केला, तर मूठ का मिटते हो?” लोक हसले. टाळ सुरू झाले. मी टाळ हातात घेतले होते, पण ताल सापडत नव्हता. असं माझं कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने सगुणावहिनी वाकून आल्या. माझ्या कानाशी म्हणाल्या, “ओहोटी लागली. ते तुमच्या जीपकडे उभे आसत.”

कीर्तनातून मध्येच उठू नये. मला लहानपणापासून ते अंगवळणी पडलेलं. अंगात ताप असताना बसलेय, बाहेर पावसात चपला वाहून गेल्यात तरी बसलेय. मी उठले. सगळा मांडव ओलांडायचा होता.

बुवांनी टाळांना हात केला. “प्रभूबाई,” ते म्हणाले, “अजून देव आला नाही, तोच निघालात?”

मांडव हसला. तात्या हसले नाहीत. त्यांना कळलं होतं.

“तिकडेच चाललेय, बुवा,” मी म्हटलं.

बुवांनी हात जोडले आणि पखवाजाला खूण केली. तात्या उठायला गेले असतील, पण बुवा पुन्हा गायला लागल्यावर मांडवातून कोण उठणार. निदान मी तरी तसंच समजते.

जीपमध्ये मागे पाण्याचा पिंप होता आणि रावजी त्यात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. वहिनी पुढे बसल्या आणि मी गाडी काढली. बंधाऱ्यावरून गेलो तेव्हा रावजींनी बाहेर बघितलं नाही. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे खडक उतरून वाळू लागते. आम्ही थोरलीला गोणपाटात धरून खाली नेली. ऊन कलतं होतं. पाणी जोराने बाहेर चाललं होतं.

रावजी मांडीपर्यंत पाण्यात उतरले आणि त्यांनी गोणपाट सोडला.

ती गेली नाही.

ती त्यांच्या पायांभोवती फिरली. मनगटाला अंग घासलं. त्यांनी तिचं तोंड समुद्राकडे केलं, ती वळून परत आली. पुन्हा केलं, पुन्हा आली. पोटाच्या भाराने ती तिरकी पोहत होती. नाकाची जखम पाण्यात पांढरी दिसत होती.

“जा गो,” रावजी म्हणाले. “आता कोण अडवणा नाय. जा.”

मी त्यांच्याजवळ पाण्यात उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की आपण उशीर केला. तिच्यात बळच उरलेलं नाही. आता ती ना डोहाची ना समुद्राची. काठावर वहिनी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

मग रावजी सरळ उभे राहिले. हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला लागले. आमच्याकडे गुरव देवापुढे गावाचं गाऱ्हाणं घालतो, आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. तिथे गाव नव्हता.

“बा देवा कोंडेश्वरा म्हाराजा, तुझा लेकरू आज तुझ्या पायाकडसून सुटता, तेका वाट दी रे म्हाराजा.”

वाऱ्याचाच आवाज येत होता. माझ्या लक्षात यायला थोडा वेळ गेला.

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं.

“आजपातूर आमच्या सात पिढ्यांनी जी जी वाटेवयसून परत हाडली, ती मायेन हाडली, ता पदरात घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” आता वहिनींचाही आवाज आला.

“डोह रिकामो झालो तेचो दोष गावाक लागान देव नको, पोराटोरांक लागान देव नको. तो माझ्या एकट्यार घाल रे म्हाराजा.”

वहिनी काठावर गप्प राहिल्या. याला त्यांना ‘व्हय’ म्हणायचं नव्हतं. मलाही नव्हतं. पण गाऱ्हाण्याला उत्तर नसेल तर ते पोचत नाही म्हणतात. रावजी थांबले होते, डोळे मिटून. पाणी त्यांच्या मांड्यांना ओढत होतं.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. खाली वाकून दोन्ही हात पाण्यात फिरवले, एकदा, दोनदा, पायांच्या मागे, पुढे. पाणी गढूळ होतं. हाताला काही लागत नव्हतं.

“गेली?” मी विचारलं.

“माका कळला नाय,” ते म्हणाले. “पाय बधिर झाले.”

आम्ही बराच वेळ पाण्याकडे बघत होतो. मग ते बाहेर आले. धोतर पिळलं, खांद्यावरच्या पंच्याने हात कोरडे केले, आणि मावळतीकडे बघून म्हणाले, “चला बिगीन. आरतीक उशीर झालो.”

वहिनींनी मान वर केली. आरतीच्या मानाचं तात्यांचं बोलणं त्यांच्याही कानावर आलं होतं.

रावजी खडकाकडे दोन पावलं चालले. मग थांबले, आणि पंचा हातात तसाच धरून वाळूत खाली बसले.